ताट वेगळं, खिडकी बंद : टीबीच्या घरातल्या या चुका टाळा

टीबीचं निदान झालेल्या घरी पहिल्यांदा गेले की मी दोन गोष्टी आधी बघते. मांडणीवर एक ताट, एक वाटी आणि एक पेला बाजूला काढून ठेवलाय का, आणि घराची खिडकी उघडी आहे का. बहुतेक घरांत ताट वेगळं काढलेलं असतं आणि खिडकी बंद असते. व्हायला हवं ते नेमकं उलटं.

मुंबईच्या पूर्व उपनगरात टीबी हेल्थ व्हिजिटर म्हणून मला सोळा वर्षं झाली. वस्तीत मला टीबीवाल्या मॅडम म्हणतात. गोळ्या पोहोचवायच्या, पेशंट चुकला की त्याच्या घरी जायचं, घरातल्या बाकीच्यांची तपासणी करून घ्यायची, हे माझं काम. या सोळा वर्षांत औषधं बदलली, मशिनं बदलली, २०२० मध्ये सरकारच्या टीबी कार्यक्रमाचं नावसुद्धा बदललं. घरातल्या चुका मात्र त्याच राहिल्या. त्यांतल्या काहींचा मला मनापासून त्रास होतो, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिते.

ताट वेगळं काढणं

एका पुनर्वसन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनशे पंचवीस चौरस फुटांची खोली होती. घरात सासू-सासरे, मुलगा-सून आणि अडीच वर्षांचा नातू. टीबी सुनेला झाला होता, थुंकी पॉझिटिव्ह, म्हणजे तपासणीत बेडक्यात जंतू सापडलेले. सासूबाई स्वभावाने चांगल्या होत्या आणि सुनेला वेळेवर अंडं, दूध देत होत्या. त्यांनी मला कौतुकाने मांडणी दाखवली. बाकी सगळ्या भांड्यांवर लग्नातली नावं घातलेली. सुनेच्या ताटावर मात्र नाव नव्हतं, बाजारातून नवंकोरं आणलेलं. मागच्या बाजूला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला, कुणी चुकून घेऊ नये म्हणून. ते ताट रोज उकळत्या पाण्यातून काढायच्या. घासणीही वेगळी.

खिडकी एकच, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडणारी, आणि ती बंद. मच्छर येतात, खालून गटाराचा वास येतो, शिवाय सून रात्री खोकते ते समोरच्यांना ऐकू जाईल. बाळ आईजवळच झोपत होतं.

त्या दिवशी मी गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं, पोषणाच्या सरकारी पैशांसाठी बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स घेतली, बाळाला प्रतिबंधक गोळ्या सुरू करू म्हणाले. सासरे म्हणाले, त्याला सर्दी आहे, बरी झाली की बघू. मी बरं म्हणाले. खिडकीबद्दल बोलले, पण जाता जाता, दारात चप्पल घालताना. पुढच्या दोन भेटींतही तसंच झालं. तिसऱ्या महिन्यात सून सुधारली होती, चेहरा भरला होता, आणि बाळ मात्र वाळत चाललं होतं. संध्याकाळी कणकण, खाणं नाही, खेळणं नाही. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून नाकातून नळी घालून सकाळी उपाशीपोटी पोटातलं पाणी काढावं लागतं. ते करताना त्याची आजी वॉर्डाबाहेर बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, ताट तर मी एकदासुद्धा मिसळू दिलं नाही हो."

बाळ औषधांनी बरं झालं. पण ते वाक्य मी विसरलेले नाही. त्या बाईने घरासाठी जमेल तेवढं सगळं केलं होतं. ते कुठे करायचं, हे आम्ही तिला नीट सांगितलं नव्हतं.

म्हणून आता मी हे पहिल्याच भेटीत, बसून सांगते. टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. ताट, पेला, टॉवेल, चादर, संडास, हातात हात देणं यांतून टीबी होत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात टीबीच्या वॉर्डातली हवा नळ्यांमधून वरच्या मजल्यावर ठेवलेल्या गिनिपिगांपर्यंत सोडली होती. ते प्राणी पेशंटच्या जवळपासही नव्हते, भांडी-कपडे तर दूरच. तरी त्यांना टीबी झाला. ज्या गटाला तीच हवा अतिनील किरणांतून काढून दिली, तो गट वाचला. त्याच सुमारास आपल्याकडे मद्रासला एक अभ्यास झाला. काही पेशंट सॅनिटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच औषधं दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले, ते असे की घरी राहिलेलेही तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. औषध वेळेवर सुरू झालं तर माणसाला घराबाहेर काढायची गरज नाही, हे आपल्या देशानेच जगाला दाखवलं. आणि आपणच अजून सुनेला माहेरी पाठवतो. वाटेत पंधरा दिवस गोळ्या बुडतात, ते वेगळंच.

मग करायचं काय? मी पिशवीत अगरबत्तीचा पुडा ठेवते. घराच्या मधोमध एक काडी पेटवून धूर कुठे जातो ते सगळ्यांना बघायला लावते. धूर छतापाशी साठून राहिला तर खोकल्यातले कणही तिथेच राहतात. मग खिडकी उघडायची, दार उघडायचं आणि परत बघायचं. खिडकी आणि दार समोरासमोर असतील तर धूर सरळ ओढला जातो. टेबलफॅन असेल तर तो दाराकडे ठेवायचा, तोंड खिडकीकडे. पेशंटचं अंथरूण खिडकीच्या बाजूला, बाकीचे दाराच्या बाजूला. हवा निरोगी माणसांकडून पेशंटकडे आणि तिथून बाहेर गेली पाहिजे. बंद खोलीत वरचा पंखा लावला तर तीच हवा नुसती फिरत राहते. मच्छरांसाठी खिडकीला जाळी बसवा, पण खिडकी उघडी ठेवा. धूप, कापूर, फिनेल यांनी टीबीच्या हवेवर काही होत नाही. ऊन मिळत असेल तर घरात येऊ द्या, सूर्यप्रकाशात हा जंतू टिकत नाही.

गोवंडी-मानखुर्दकडच्या काही इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथे खिडकी उघडा म्हणताना मला स्वतःला वाईट वाटतं. अशा घरातल्या पेशंटला मी सांगते, दिवसातला जमेल तेवढा वेळ गच्चीत नाहीतर जिन्याच्या मोकळ्या भागात बसा आणि घरात मास्क लावा. साधा सर्जिकल मास्क पुरतो. मास्क पेशंटने लावायचा. मी जाते तेव्हा घरातल्या सगळ्यांनी लावलेला असतो आणि पेशंटच्या हनुवटीखाली असतो.

बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद

हे सगळे सांगतात आणि सगळ्यांना माहीत असतं. रिक्षा चालवणाऱ्या एका दादांनासुद्धा माहीत होतं. सहा महिन्यांचा कोर्स आहे, मध्येच सोडला तर नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, बिघडलेला टीबी होतो, हे त्यांनी मला पाठ म्हणून दाखवलं होतं. त्यांना माहिती नव्हती म्हणून त्या गोळ्या सुटल्या नाहीत.

दीड महिन्यात त्यांचं वजन पाच किलो वाढलं. खोकला गेला. मग सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळायला लागलं, आणि सकाळचीच तर धंद्याची वेळ. एक दिवस सोडून बघितला, काही झालं नाही. मग रविवार सोडला. मग आठवड्यातून तीन दिवस, आणि शेवटी काहीच नाही. मी दर वेळी विचारायचे, "दादा, गोळ्या चालू आहेत ना?" आणि ते म्हणायचे, "हो मॅडम." त्यांच्या बायकोने पुढे बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला. न फोडलेल्या स्ट्रिपा आत नीट रचून ठेवल्या होत्या. टाकून द्यायला त्यांचं मन झालं नव्हतं.

खोकला चार महिन्यांनी परत आला. या वेळी तपासणीत रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडत नाही असं निघालं. पुढचे उपचार लांबले. कानात सतत आवाज, पायांची आग, रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिलेली. आता बिघडलेल्या टीबीसाठीही सहा महिन्यांची तोंडी औषधांची पद्धत आली आहे, तेव्हा ती नव्हती. त्यांनी दीड वर्ष ते सगळं सोसलं, बरे झाले, पण चाळिशीत साठीचे दिसायला लागले.

चूक त्यांची होती, तशी माझ्या प्रश्नाचीही होती. "चालू आहेत ना?" याला कुणीही हो म्हणतं. आता मी विचारते, "काल कितीला घेतल्या? कशाबरोबर?" खरंच घेणारा माणूस चटकन सांगतो, चहाच्या आधी, पोरं शाळेत गेल्यावर. दुसरं, रिकाम्या स्ट्रिपा दाखवायला सांगते आणि मोजते. तिसरं, लघवीचा रंग विचारते. रिफॅम्पिसिनने लघवी काही तास केशरी-तांबूस होते. लोकांना वाटतं रक्त जातंय आणि ते घाबरून गोळ्या बंद करतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. रंग दिसला तर घाबरायचं नाही. कधीच दिसत नसेल तर गोळ्या खरंच घेतल्या जातायत का, हे मला विचारावं लागतं.

सहा महिने का, हे कुणी नीट सांगत नाही. इतर अनेक जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जंतूला एकाचे दोन व्हायला पंधरा-वीस तास लागतात. औषध वाढत्या जंतूला चांगलं मारतं. पहिल्या काही आठवड्यांत असे बरेच मरतात, म्हणून ताप जातो, भूक लागते. जे सुस्त पडून असतात, ते शिल्लक राहतात. पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन, ती त्यांच्यासाठी. बरं वाटणं हा अर्धा रस्ता आहे, आणि घाईच्या माणसाला तोच शेवट वाटतो. पंधरा दिवसांत गुण हवा म्हणणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी कॅलेंडर देते आणि शेवटच्या गोळीच्या तारखेवर त्यांच्याच हाताने गोल करायला लावते.

मळमळीसाठी : गोळ्या घेण्याआधी थोडं काही खाल्लेलं चालतं, रात्री झोपताना घेतल्या तरी चालतात, पण डॉक्टरांना विचारून एकदा वेळ ठरवा आणि ती पाळा. सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या, दोन सकाळी दोन रात्री अशा वाटून नाही. ॲसिडिटीची गोळी त्याच वेळी घेऊ नका, निदान दोन तासांचं अंतर ठेवा. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नाहीत, पोटात उजवीकडे दुखतंय, किंवा नजर धूसर झाली, रंग ओळखेनात, तर पुढचा डोस घ्यायच्या आधी त्याच दिवशी केंद्रात या. पायाला मुंग्या येत असतील तर सांगा, त्याला साधी जीवनसत्त्वाची गोळी असते. मनाने बंद करू नका आणि मनाने कमीही करू नका. "शेजारच्याला तीन, मला चार का?" हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. गोळ्या वजनावर असतात. पस्तीस ते एकोणपन्नास किलोला तीन, पन्नास ते चौसष्टला चार.

बेडक्याऐवजी थुंकी देणं

डबीत पांढरा फेस आला की मला कळतं, हे तोंडातलं आहे. यातून टीबी असूनही निगेटिव्ह येऊ शकतो, आणि निगेटिव्हचा कागद घेऊन माणूस महिनाभर निर्धास्त फिरतो. सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरा. उघड्या जागेवर जा, घरात किंवा संडासात नको. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून जाडसर बेडका काढा, चमचाभर तरी. पंधरा मिनिटं लागली तरी लागू द्या. त्यावर आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही मशिनवरची तपासणी होते, काही तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन लागू पडेल का हे कळतं. ट्रूनॅट मशिन आपल्या शेजारी गोव्यातल्या कंपनीचं आहे, तालुक्याच्या ठिकाणीही चालतं. डबीत लाळ दिली तर मशिन कितीही चांगलं असो, काय करणार?

घरी बेडका टाकायचा तो झाकणाच्या डब्यात. थोडं जंतुनाशक घाला, मग संडासात टाकून पाणी सोडा. गॅलरीतून खाली नको.

मेडिकलवरून खोकल्याचं औषध

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे तपासणी, बाकी काही नाही. काउंटरवरून मिळणाऱ्या काही अँटिबायोटिक्सनी टीबी थोडे दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं. तोवर घरात पसरत राहतो.

गावाला जाताना

शिमगा, मे महिना, गणपती. या तीन वेळी माझ्या यादीतली माणसं गायब होतात. गणपतीला कोकणात गेलेले दहा दिवसांचं सांगतात आणि महिन्याने येतात. गोळ्या मुंबईत मांडणीवर. आधी एक फोन करा, पुरेशा गोळ्या देतो. जास्त राहायचं असेल तर निक्षयचा, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा, नंबर घेऊन जा, गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच नंबरवर पुढचे डोस मिळतात. नंबर हरवला तर १८००-११-६६६६ हा फुकट फोन आहे.

घरच्यांनी गोळ्या नाकारणं

"आम्हाला काही झालेलं नाही, मग गोळ्या कशाला?" या वाक्यापुढे मी पूर्वी गप्प बसायचे. त्या अडीच वर्षांच्या बाळानंतर बसत नाही. पेशंटबरोबर राहिलेल्यांच्या अंगात जंतू झोपून असू शकतो. टीबी नाही याची खात्री करून मग प्रतिबंधक गोळ्या देतात, सहा महिने रोज किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा, कुणाला काय ते डॉक्टर ठरवतात. पाच वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. त्याला बीसीजी टोचलीय, हे कारण होत नाही. ती लस लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बरंच वाचवते, पण टीबी होणारच नाही अशी हमी देत नाही.

पावडरच्या डब्यावर पैसे

गल्लीतला कुणीतरी सांगतो आणि शेकड्यांनी रुपये प्रोटीनच्या डब्यात जातात. तेवढ्यात महिनाभराची अंडी, डाळ, शेंगदाणे येतात. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला जास्तीचा तांदूळ आणि डाळ दिली, तेव्हा त्या घरांतला नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. साधं घरचं अन्न, पण पोटभर आणि सगळ्यांना. सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेचे हजार झाले आहेत. नाव फुटेल या भीतीने पासबुक न देणारे बरेच भेटतात. ती माहिती वस्तीत कुणाला सांगितली जात नाही.

आणखी काही, थोडक्यात

शुगर तपासली नाही : मधुमेह असेल तर टीबी लवकर धरतो आणि बरा उशिरा होतो. दोन्ही औषधं एकमेकांवर परिणाम करतात, दोन्ही डॉक्टरांना सांगा.

पाळणा लांबवण्याच्या गोळ्या : रिफॅम्पिसिनने त्यांचा भरवसा राहत नाही. दुसरं साधन वापरा. हे बायकांना कुणी सांगत नाही आणि त्या विचारायला लाजतात.

अंगावर पाजणं बंद केलं : पाजा. मास्क लावून पाजा.

तंबाखू, दारू : औषध चालू असताना दारू म्हणजे लिव्हरवर दुहेरी मार.

मानेच्या गाठीचा किंवा मणक्याचा टीबी आणि तरी घरात वेगळं बसवलेलं : फुप्फुसात नसेल तर तो खोकल्यातून पसरत नाही. एक्स-रे करून खात्री करा आणि त्या मुलीला कोपऱ्यातून उठवा.

कोर्स संपला की फाईल कपाटात

शेवटची गोळी घेतल्यावर लोक आम्हाला पेढे देतात आणि मग फोन उचलत नाहीत. टीबी परत उलटला तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांत चार वेळा, यायचं असतं. वजन करायचं, खोकला असेल तर बेडका द्यायचा, दहा मिनिटांचं काम. त्या इमारतीतली सून चारही वेळा आली, बाळालाही घेऊन. शेवटच्या वेळी तिच्याबरोबर घरी गेले. खिडकीला हिरवी जाळी लागली होती, आणि जेवायला बसवलं तेव्हा लाल ठिपक्याचं ताट माझ्या पुढ्यात आलं. सासूबाईंनी सगळ्यांच्या भांड्यांत मिसळून टाकलं होतं.